गेज तीनच दाखवतो, तरी पीस वेगवेगळे का येतात? छोट्या प्रेशर रेग्युलेटरबद्दल सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काही चुकीचं गृहीत धरलं असेल तर लगेच लक्षात येईल. चाकणच्या तुमच्या प्लांटमध्ये आठ स्टेशनची असेंब्ली लाइन आहे. मुख्य एफआरएलवर (फिल्टर, रेग्युलेटर आणि लुब्रिकेटरचा एकत्र संच) 6 बार हवा येते. एका स्टेशनवर आडवा सिलिंडर, 63 एमएमचा बोअर (आतला व्यास), 150 एमएमचा स्ट्रोक (पिस्टनची धाव), प्लास्टिकच्या हाउसिंगमध्ये सील दाबून बसवतो. तिथे पूर्ण 6 बार नको म्हणून तुम्ही पाव इंचाहून लहान, एक अष्टमांश इंची आट्यांचा छोटा रेग्युलेटर लावला आणि 3 बारवर सेट केला. गेज कायम 3 दाखवतो. तरीही काही सील अर्धवट बसतात, आणि जेवणाच्या सुट्टीनंतरचा पहिला पीस बऱ्याचदा फुटतो. विक्रेता म्हणतो, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर घ्या. तुमचे दोन प्रश्न आहेत: तो घ्यावा का, आणि असे छोटे रेग्युलेटर ऑटोमेशनमध्ये नेमके कुठे कुठे वापरतात?

पहिल्याचं उत्तर: आत्ता नको. तुमच्या वर्णनात मला दोन वेगळे दोष दिसतात. दोन्हींचा संशय तुम्ही रेग्युलेटरवर घेताय, आणि माझ्या मते एकात त्याचा वाटा थोडा आहे, दुसऱ्यात काहीच नाही.

मूळ गोष्टीपासून सुरुवात करू, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. रेग्युलेटरच्या आत वरून स्प्रिंग दाबते, खालून बाहेर जाणाऱ्या हवेचा दाब डायफ्रामवर उलटा रेटा देतो. दोन्ही समान झाले की झडप बसते आणि हवा थांबते. पुढे हवा वापरली गेली की दाब किंचित उतरतो, स्प्रिंग जिंकते, झडप उघडते. आता पाहा, झडप उघडी राहायची तर बाहेरचा दाब सेटिंगपेक्षा थोडा खाली असावाच लागतो. जितकी जास्त हवा मागाल तितकी झडप जास्त उघडावी लागेल आणि तितका दाब जास्त उतरेल. याला ड्रूप म्हणतात. हा दोष नाही, यंत्राची रचनाच तशी आहे. म्हणून गेजवरचा 3 हा आकडा हवा वाहत नसतानाचा असतो. सिलिंडर पळत असताना तो किती होता हे त्या छोट्या काट्याला नीट दाखवताही येत नाही आणि कुणी त्या अर्ध्या सेकंदात पाहतही नाही.

तुमच्या सिलिंडरला किती हवा लागते ते काढू. 63 बोअरचं क्षेत्रफळ साधारण 31.2 चौरस सेंटिमीटर. गुणिले 15 सेंटिमीटर स्ट्रोक, म्हणजे 468 घन सेंटिमीटर. गेजवर 3 बार म्हणजे वातावरणाचा 1 बार मिळवून निरपेक्ष दाब 4 बार, म्हणून एका स्ट्रोकला सुमारे 1.87 लिटर मोकळी, म्हणजे वातावरणाच्या दाबाची हवा. स्ट्रोक अर्ध्या सेकंदात होत असेल तर हा प्रवाह मिनिटाला 225 लिटरच्या आसपास जातो. तुमचा स्ट्रोक किती वेळात होतो हे तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे हा आकडा तुम्ही स्वतः दुरुस्त करा. मग तुमच्या रेग्युलेटरच्या कॅटलॉगमधला प्रवाह-दाबाचा आलेख उघडा आणि 3 बारच्या रेषेवर या प्रवाहाला दाब किती उतरतो ते पाहा. रेषा तिथवर अर्धा बार किंवा त्याहून जास्त घसरली असेल तर रेग्युलेटर लहान पडतोय. आटे बसले म्हणून रेग्युलेटर बसला असं होत नाही. एकाच आट्यांत दोन कंपन्यांचे, किंवा एकाच कंपनीच्या दोन सिरीजचे, प्रवाह खूप वेगळे असू शकतात.

आता अर्धवट बसणाऱ्या सीलकडे. तुम्ही ओघात एक गोष्ट लिहिलीय जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटली: शेजारच्या स्टेशनवरचा एअर ब्लो चालू असतो तेव्हा हे जास्त होतं. दोन्ही स्टेशनना एकाच 8 एमएमच्या ट्यूबमधून टी काढून हवा दिली असणार. सोसायटीत खालच्या मजल्यावर कुणी नळ पूर्ण सोडला की वरच्या मजल्यावरची धार बारीक होते, तेच इथे होतंय. ब्लो नोझल उघडलं की तुमच्या रेग्युलेटरच्या तोंडाशी 6 च्या जागी 4, साडेचार बारच उरत असेल. रेग्युलेटर 3 देऊ शकतो, पण लागेल तितक्या वेगाने नाही.

त्यानंतर काय होतं ते पाहा. सिलिंडर शेवटाला पोचतो, रीड स्विच लागतो, पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) टायमर सुरू करतो आणि ठरलेल्या वेळेनंतर मागे घेतो. पण रीड स्विच फक्त पिस्टन कुठे आहे ते सांगतो. मागे दाब किती साचलाय हे त्याला कळत नाही. शिवाय तुमच्याकडे मीटर-आउट फ्लो कंट्रोल आहेत, म्हणजे रॉडच्या बाजूची हवा हळूहळू बाहेर पडते. पिस्टन थांबला त्या क्षणी त्या बाजूला थोडी हवा अडकलेलीच असते. 3 बारवर तुमचा सैद्धांतिक जोर 935 न्यूटन. 20 एमएमचा रॉड धरला तर रॉडच्या बाजूचं क्षेत्रफळ 28 चौरस सेंटिमीटर, आणि तिथे 1 बार जरी अडकलेला असेल तरी त्यातून 280 न्यूटन वजा होतात. म्हणजे जोर तीस टक्के कमी. एकीकडे मागचा दाब पुरता चढलेला नाही, दुसरीकडे पुढचा पुरता उतरलेला नाही, आणि टायमर संपला. सील अर्धवट.

यावर उपाय तीन, आणि मी ते याच क्रमाने करेन. आधी त्या ब्लो नोझलच्या फीडवर एक छोटा रेग्युलेटर लावा आणि तो 2 बारवर आणा. नोझलमधून जाणारी हवा साधारण निरपेक्ष दाबाच्या प्रमाणात असते. 6 बारला निरपेक्ष 7, 2 बारला निरपेक्ष 3, म्हणजे हवेचा खर्च निम्म्याहून खाली. धूळ-चुरा उडवायला एवढं बहुतेक वेळा पुरतं. चिकट ऑइल किंवा खोल भोकात अडकलेला बर (कापताना उरलेला कतरा) असेल तर कदाचित पुरणार नाही, तिथे नोझल बदलून पाहावं लागेल. अमेरिकेत हातातल्या ब्लो गनने साफसफाई करताना 30 पीएसआय, म्हणजे साधारण 2 बार, ही कायदेशीर मर्यादाच आहे, तीही चुरा उडण्यापासून आडोसा आणि चष्मा असेल तरच. तेव्हा रेग्युलेटर हवा होता, फक्त तो आजारी स्टेशनवर नसून शेजाऱ्याकडे लागायला हवा होता.

दुसरं, सील दाबणाऱ्या प्रेसच्या स्टेशनला मुख्य वाटपाच्या ब्लॉकमधून स्वतंत्र ट्यूब द्या. काही मीटर ट्यूब आणि दोन पुश फिटिंग, एवढाच खर्च. तिसरं, सिलिंडरच्या मागच्या पोर्टजवळ डिजिटल प्रेशर स्विच बसवा आणि टायमर त्याच्या सिग्नलवर सुरू करा. रीड स्विच लागला आणि दाब 2.8 च्या वर गेला, की मग दाबून धरायचा वेळ मोजायला लागायचं. ज्या शिफ्टला हवा कमी पडेल त्या शिफ्टला सायकल थोडी लांबेल, पण खराब पीस पुढे जाणार नाही. ठरावीक वेळात दाब आलाच नाही तर अलार्म द्या. रॉडच्या बाजूची अडकलेली हवा या स्विचला दिसत नाही, म्हणून दाबून धरायचा वेळ अगदी कंजुषीने ठेवू नका.

आता सुट्टीनंतरचा फुटणारा पीस. तुमचा व्हॉल्व्ह 5/3, म्हणजे पाच पोर्ट आणि तीन स्थितींचा आहे आणि मधल्या स्थितीत दोन्ही पोर्ट एक्झॉस्टला उघडतात, असं तुम्ही लिहिलंय. सुट्टीत मशीन थांबलं की व्हॉल्व्ह मध्यावर येतो आणि सिलिंडरच्या दोन्ही बाजू रिकाम्या होतात. सुट्टी संपली, ऑपरेटरने बटण दाबलं, मागून 3 बार हवा आत शिरली. मीटर-आउट फ्लो कंट्रोल वेग आवरतो तो पुढच्या बाजूची हवा अडवून. पुढे हवाच नाही, तर अडवणार काय? पिस्टन सुसाट सुटतो आणि हाउसिंगवर आदळतो. दाब बरोबर तीनच असतो, फोडतो तो वेग. इथे तुम्ही जगातला सर्वांत महाग रेग्युलेटर लावला तरी पीस फुटणारच.

पुष्कळ जण यावर सॉफ्ट स्टार्ट व्हॉल्व्ह सुचवतात. तो मुख्य लाइनवर हवा हळूहळू भरतो, पण तुमचा 5/3 मध्यावर असताना सिलिंडरकडे हवा जातच नाही, त्यामुळे सॉफ्ट स्टार्टचं काम संपल्यावर तुमचा सिलिंडर रिकामाच असतो. खरा उपाय प्रोग्रॅममध्ये आहे. मशीन थांबून पुन्हा चालू झालं की पहिल्या सायकलआधी सिलिंडरला मागे जाण्याची आज्ञा द्या आणि एखादा सेकंद तशीच ठेवा. तो आधीच मागे आहे, हलणार नाही, पण रॉडच्या बाजूला हवा भरेल. मग पुढे सोडा. सायकलींच्या मधल्या वेळातही व्हॉल्व्ह मध्यावर येत असेल तर तिथेही सिलिंडर मागे नेणारी कॉइल चालू ठेवा. 5/3 एक्झॉस्ट सेंटर तिथे का निवडला हे मात्र आधी विचारा. बऱ्याचदा ऑपरेटरचा हात अडकला तर टूल हाताने मागे ढकलता यावं म्हणून तो घेतलेला असतो, आणि तसं असेल तर आणीबाणीत मध्यावर येण्याची सोय काढू नका.

म्हणजे आतापर्यंतचा हिशेब असा: अर्धवट सील हा हवा पुरण्याचा आणि वेळेचा दोष, फुटका पीस रिकाम्या सिलिंडरचा दोष. एवढं केल्यावरही जोर बदलत राहिला, तर रेग्युलेटर एक माप मोठा घ्या, पाव इंची. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर केव्हा घ्यावा, तर दाब मशीन चालू असताना बदलावा लागतो तेव्हा. एकाच लाइनवर तीन प्रकारची हाउसिंग येतात, एकाला 2 बार, दुसऱ्याला साडेतीन, आणि रेसिपी पीएलसीतून बदलते, तिथे 0 ते 10 व्होल्ट किंवा 4 ते 20 मिलिअँपियरवर चालणारा रेग्युलेटर पैसे वसूल करतो. प्रत्येक पीसचा दाब नोंदवून ठेवायची ग्राहकाची अट असेल तेव्हाही. पण तोही शेवटी रेग्युलेटरच आहे. प्रवाहाची मर्यादा त्यालाही असते, आणि घाण हवा तो साध्यापेक्षा खूप कमी सहन करतो.

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. छोटा रेग्युलेटर नेमका कुठे शोभतो? त्याची खरी ताकद किमतीत नाही, जागेत आहे. तो सिलिंडरच्या शेजारी, टूलिंग प्लेटवर, कधी रोबोच्या हातावरही बसतो. पॅनेलमध्ये बसवलेला मोठा रेग्युलेटर आणि पुढे तीन मीटर बारीक ट्यूब यापेक्षा कामाच्या जागी बसवलेला लहान रेग्युलेटर अनेकदा चांगलं काम देतो.

ग्रिपर आणि क्लॅम्पिंग ही नेहमीची उदाहरणं, त्यावर फार बोलत नाही. पातळ भिंतीचा पार्ट धरायचाय, दाब कमी करा. व्हॅक्यूम इजेक्टरचं, म्हणजे दाबाच्या हवेपासून निर्वात तयार करणाऱ्या साधनाचं, मात्र लोकांना माहीत नसतं. बहुतेक इजेक्टर 4 ते 5 बारच्या आसपास सर्वोत्तम चालतात. 6 बार दिल्याने निर्वात वाढत नाही, फक्त हवा आणि आवाज वाढतो. प्रत्येक इजेक्टरच्या डेटाशीटमध्ये त्याचा योग्य दाब दिलेला असतो. दहा-बारा इजेक्टरच्या पिक-अँड-प्लेसवर एकच रेग्युलेटर लावून तो दाब पाळला तरी फरक पडतो, फक्त तो सगळ्यांच्या एकत्रित प्रवाहाला पुरेल असा घ्या.

चिकटवणाऱ्या द्रव्याची डिस्पेन्सिंग हे माझं आवडतं उदाहरण, कारण तिथे सगळे नियम उलटे होतात. सिरिंजमागे ठरावीक दाब ठरावीक वेळ द्यायचा, की ठरावीक थेंब पडतो. हवा अगदी थोडी लागते, त्यामुळे ड्रूपची काळजी जवळजवळ नाही. इथे त्रास देतात ते दोन दोष. पहिला हिस्टेरिसिस: 2 बार खालून वर येत लावले आणि वरून खाली येत लावले, तर प्रत्यक्ष दाब किंचित वेगळा येतो. म्हणून सेटिंग नेहमी खालून वर यायचं. पुढे गेलात तर चांगलं खाली उतरा आणि पुन्हा वर या. दुसरा क्रीप: झडप नीट बसत नाही, हवा थेंबाथेंबाने पुढे शिरत राहते आणि सुट्टीत दाब चढत जातो. मोठ्या सिलिंडरला याने फरक पडत नाही, एवढीशी जास्तीची हवा पहिल्या स्ट्रोकच्या मोठ्या जागेत विरून जाते. पण सिरिंजच्या छोट्या जागेत दाब खरोखर वाढतो आणि पहिला थेंब जाड पडतो. रिलिव्हिंग प्रकारचा रेग्युलेटर असेल तर तो जास्तीचा दाब बॉनेटच्या (वरच्या टोपीच्या) भोकातून फुसफुसत सोडून देतो, आणि ती फुसफुसच तुम्हाला झडप खराब झाल्याचं सांगते. नॉन-रिलिव्हिंग असेल तर कुणी काही सांगत नाही.

क्रीपचं सगळ्यात सामान्य कारण विचाराल तर टेफ्लॉन टेप. फिटिंगच्या टोकापर्यंत गुंडाळलेल्या टेपचा धागा तुटून झडपेच्या सीटवर जाऊन बसतो. पहिले एक-दोन आटे मोकळे सोडून टेप लावा, किंवा आधीच सीलंट लावलेल्या फिटिंग घ्या. जुन्या जीआय लाइनचा गंजही तेच करतो, आणि पावसाळ्यात ड्रायरचा ऑटो ड्रेन तुंबला की पाण्याबरोबर तो गंज थेट तुमच्या स्टेशनपर्यंत येतो. म्हणून छोट्या रेग्युलेटरच्या आधी 5 मायक्रॉनचा फिल्टर हवाच. मुख्य एफआरएलला तो आहे यावर विसंबू नका, त्यानंतरची लाइन किती जुनी आहे ते पाहा. आणि लुब्रिकेटर मुख्य एफआरएलला असेल तर ते तेल पुढच्या प्रत्येक रेग्युलेटरमधून, ब्लो नोझलमधून आणि सिरिंजमधूनही जातं. आजचे बहुतेक सिलिंडर आणि व्हॉल्व्ह कारखान्यातूनच ग्रीस भरून येतात. जिथे एअर टूलला तेल लागतं तिथे लुब्रिकेटर त्याच फांदीवर, रेग्युलेटरच्या नंतर लावावा.

डिस्पेन्सिंगला 0.5 ते 8.5 बार मर्यादेचा सर्वसाधारण रेग्युलेटर घेऊ नका. कमी दाबाची स्प्रिंग असलेला, साधारण 2 बारपर्यंतचा घ्या. नॉबच्या एका फेऱ्यात दाब कमी बदलतो, त्यामुळे बारीक सेटिंग जमतं. गेजचंही तसंच. 0 ते 10 बारच्या छोट्या गेजची अचूकता पूर्ण मापाच्या 3 टक्के असेल, तर चूक अधिक-उणे 0.3 बार. 1 बारच्या कामाला हे 30 टक्के झालं. तुमच्या प्रेसवरही हाच हिशेब लावलात तर अधिक-उणे 93 न्यूटन, हे ध्यानात असू द्या. कामाचा दाब मापाच्या मधल्या भागात येईल असा गेज निवडा. डिस्पेन्सिंगबद्दल एवढंही सांगतो की दाब अगदी स्थिर ठेवूनही थेंब बदलतो, कारण द्रव्य उन्हाळ्यात पातळ होतं आणि डिसेंबरच्या सकाळच्या शिफ्टला घट्ट. ते रेग्युलेटरच्या माथी मारू नका.

लीक टेस्टिंगलाही छोटे पण प्रिसिजन रेग्युलेटर लागतात. पार्टमध्ये ठरावीक दाब भरायचा, पुरवठा बंद करायचा आणि दाब किती उतरतो ते पाहायचं. गळती दाबावर अवलंबून असते, म्हणून भरलेला दाब दर वेळी तोच हवा. प्रिसिजन प्रकारातले अनेक रेग्युलेटर आत नोझल-फ्लॅपरवर (बारीक नोझल आणि तिच्यासमोर हलणारी पट्टी) चालतात आणि सतत थोडी हवा बाहेर सोडतात. नवखा मेंटेनन्सवाला ती गळती समजून रेग्युलेटर बदलून टाकतो. तसं करू नका, डेटाशीटमध्ये तो खर्च लिहिलेला असतो. इथेही रेग्युलेटरवर खोटा आळ येतो तो तापमानामुळे. बंद जागेत 2 बार गेज, म्हणजे निरपेक्ष 3 बार भरला, आणि हवा फक्त 1 अंश सेल्सिअस थंड झाली, तर दाब सुमारे 10 मिलिबार उतरतो. वॉशिंग मशीनमधून कोमट बाहेर आलेला पार्ट थेट टेस्टवर ठेवलात तर तो गळका ठरू शकतो किंवा गळका असून पास होऊ शकतो. थांबा, पार्ट खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

हवा वाचवायला परतीच्या स्ट्रोकवर कमी दाब देणं हा आणखी एक चांगला उपयोग. पुढे जाताना जोर लागतो, मागे येताना फक्त रिकामं टूल ओढायचं असतं. पुढे 6 बारवर काम करणाऱ्या तुमच्यासारख्या 63 च्या सिलिंडरला परतीला 6 ऐवजी 2 बार दिला तर दर सायकलला साधारण 1.7 लिटर मोकळी हवा वाचते. मिनिटाला दहा सायकली असतील तर 17 लिटर. एका सिलिंडरला हा आकडा किरकोळ वाटेल, वीस सिलिंडरला नाही. इथे एक भेद लक्षात ठेवा: कॉम्प्रेसरचाच दाब 1 बार उतरवला की त्याची वीज ढोबळमानाने 6 ते 10 टक्के कमी होते. स्टेशनवरच्या रेग्युलेटरने ते होत नाही, त्याने फक्त हवेचा खप कमी होतो. दोन्ही फायदे खरे आहेत, पण मॅनेजमेंटला प्रेझेंटेशन देताना एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नका.

परतीचा रेग्युलेटर व्हॉल्व्ह आणि सिलिंडरच्या मध्ये बसवणार असाल तर हवा दोन्ही दिशांनी जाते हे विसरू नका. साध्या रेग्युलेटरमधून उलटी हवा नीट निघत नाही, सिलिंडर रेंगाळतो. चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने हवा सोडणारी झडप) आत बसवलेला प्रकार घ्या, किंवा व्हॉल्व्हखाली बसणारा सँडविच रेग्युलेटर. काही जण 5/2 व्हॉल्व्हच्या 3 आणि 5 या एक्झॉस्ट पोर्टना दोन वेगळे दाब देतात आणि 1 मधून एक्झॉस्ट काढतात. युक्ती चांगली आहे, पण व्हॉल्व्ह स्पूल (आत सरकणारा दांडा) प्रकारचा आणि तसा वापर चालणारा हवा, आणि पायलट, म्हणजे स्पूल हलवणारी हवा, बाहेरून द्यावा लागतो, कारण आतला पायलट पोर्ट 1 मधूनच हवा घेतो.

यावरून आठवलं, फोनवर सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न: "रेग्युलेटर लावल्यापासून व्हॉल्व्हच चालत नाही, कॉइलचा दिवा तर लागतो." अशा वेळी रेग्युलेटर सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या आधी असतो आणि दाब 1 बारवर आणलेला असतो. पायलटवर चालणाऱ्या बहुतेक व्हॉल्व्हना स्पूल हलवायला दीड ते अडीच बार लागतोच. एक तर रेग्युलेटर व्हॉल्व्हच्या पुढे न्या, किंवा पायलटला वेगळी 5 बारची हवा द्या. तुमच्या 3 बारला ही अडचण नाही, पण उद्या कुणी सुपरवायझर नॉब फिरवून दीडवर आणेल तेव्हा आठवेल. नॉबला लॉक करायची सोय असते, ती वापरा, आणि सेटिंगचा आकडा पट्टी चिकटवून रेग्युलेटरशेजारी लिहा. पट्टीवर एकक लिहा. लाइनवर सगळे "तीन केजी" म्हणतात, गेजवर कधी बार असतो, कधी मेगापास्कल, कधी पीएसआय. केजी (चौरस सेंटिमीटरला किलो) आणि बारमध्ये दोन टक्क्यांचाच फरक आहे, ते चालतं. पण 0.3 मेगापास्कल म्हणजेच 3 बार हे न कळून नॉब फिरवणारे लोक मी पाहिले आहेत.

कुठे लावू नये तेही सांगतो. सिलिंडर फार जोरात पळतो म्हणून दाब कमी करणं हा चुकीचा मार्ग. वेगासाठी फ्लो कंट्रोल, जोरासाठी रेग्युलेटर. मोठ्या सिलिंडरला अर्धा-पाऊण बारवर चालवून हलका जोर मिळवायचा प्रयत्नही फसतो. सीलच्या घर्षणामुळे तो अडखळत सरकतो आणि जोर दर वेळी वेगळा येतो. त्यापेक्षा लहान बोअरचा सिलिंडर घ्या आणि त्याला बरा दाब द्या. रेग्युलेटरला सुरक्षा साधन तर मुळीच समजू नका. त्याची झडप अडकली किंवा डायफ्राम फाटला तर पूर्ण लाइनचा दाब पुढे जाऊ शकतो. ज्या पार्टला किंवा टाकीला तो दाब धोकादायक आहे तिथे वेगळा रिलीफ व्हॉल्व्ह हवा. आणि इमर्जन्सीत मुख्य लाइनची हवा सोडणारा डंप व्हॉल्व्ह असेल, तर रेग्युलेटरच्या पुढची हवाही खरंच निघते का ते तपासा. उलट्या दिशेने हवा न सोडणाऱ्या रेग्युलेटरच्या पुढे दाब अडकून राहतो, आणि मुख्य गेज शून्य पाहून कुणीतरी तिथे हात घालतो.

गुरुवारी लाइन बंद असेल तेव्हा दोन तासांत हे करून पाहता येईल. सिलिंडरच्या मागच्या पोर्टवर टी लावून डिजिटल प्रेशर स्विच बसवा आणि त्याचा अ‍ॅनालॉग आउटपुट पीएलसीत घेऊन आलेख काढा. अ‍ॅनालॉग कार्ड नसेल तर मोबाइलने स्लो मोशनमध्ये डिस्प्लेचा व्हिडिओ घ्या, अंदाजापुरतं तेवढंही चालतं. शेजारचा ब्लो बंद ठेवून काही सायकली, मग चालू ठेवून काही. रेग्युलेटरच्या आधीचाही दाब दोन्ही वेळा टिपा. मग हवा चालूच ठेवून मशीन अर्धा तास थांबवा आणि पहिल्या स्ट्रोकचा वेळ नेहमीच्या स्ट्रोकशी ताडून पाहा. हे आकडे, रेग्युलेटरचा मॉडेल नंबर आणि ट्यूबची लांबी इथे लिहा. ब्लो बंद असतानाही मागच्या पोर्टचा दाब रेंगाळत चढत असेल तर रेग्युलेटर कितीने मोठा लागेल ते त्यावरून सांगता येईल.